रविवारी मी नाही

शिट्टीला एक चव असते,
पितळेची, थुंकीची, दुपारच्या गार झालेल्या चहाची.
सहाव्या सामन्यापर्यंत ती दाढेत उतरते.

मार्च उजाडला की माझ्या वहीत कोरा रकाना उरत नाही.
शनिवार धरणगाव, मुली, चौदा वर्षांखालच्या.
रविवार पारोळा, खुला गट, हॅलोजनच्या उजेडात.
सोमवारी एरंडोल, दुय्यम निबंधकांची कचेरी,
तिथं मी शिक्के मारते
आणि मागून कुणी "मॅडम, पॉइंट!" म्हणून ओरडत नाही.
मंगळवारी रात्री पुन्हा अमळनेर.
शेवटची एसटी चुकली तर आयोजकांची पिकअप,
मागे मॅटच्या गुंडाळ्या, आणि त्यांना टेकून मी.

मानधन तीनशे. नारळ. टॉवेल.
घरात आता एकोणीस टॉवेल आहेत.
हे म्हणतात, दुकान टाकू.

उखर्डू आप्पा, संघटनेचे सचिव,
फोनवर आधी तब्येत विचारतात, मग पाऊसपाणी,
मग हळूच,
"रत्नाताई, तुमच्याशिवाय कोण आहे आपल्याकडे?"
हे वाक्य गुळासारखं.
खाते मी,
आणि मुंग्याही मलाच लागतात.

चोपड्याला त्या रात्री सहावा सामना की सातवा, आठवत नाही.
पाणी मारलेली माती पुन्हा तापली होती,
पोटऱ्यांचे दगड झाले होते.
माझं काम ऐकण्याचं.
चढाईला आलेली पोर कबड्डी कबड्डी करत आत शिरते
आणि मी तिच्या दमाला कान लावून
रेषेवरून पळते.
तुटला की बाद.
बावीस वर्षं झाली, दुसऱ्यांचे दम मोजतेय.

चार नंबरची होती, काडीसारखी,
निदान रेषा ओलांडून गेली, कोपरा शिवला,
मागे वळून मध्यरेषेवर.
मी हात वर केला. एक गुण.
लोकांनी टाळ्या पिटल्या.
ती मात्र तिथंच उभी, माझ्याकडे बघत.
"मॅडम, मना दम तुटना व्हता.
तुम्हीन आयकं नही का?"

नव्हतं ऐकलं.
म्हणजे, ऐकू तर येत होतं.
कबड्डी कबड्डी कबड्डी,
कालचं, परवाचं, मागल्या रविवारचं,
माझ्याच डोक्यात चाललेलं,
कुणाच्या छातीतून न आलेलं.

निर्णय फिरवला.
तिच्या सोबतिणींनी तिला डोळ्यांनीच झोडपलं.
तिनं मांडीवरची माती झटकली,
बाद झालेल्यांच्या चौकोनात जाऊन बसली,
मांडी घालून,
तांब्या उंच धरून घटाघटा पाणी प्याली.
मला तिचा हेवा वाटला.
बाद झालेल्याला बसता येतं.

गुरुवारी आप्पांचा फोन.
"रविवारी मी नाही," म्हटलं.
"का, तब्येत?"
"तब्येत चांगली आहे, आप्पा. म्हणूनच."
पलीकडे बराच वेळ नुसता पंखा फिरत होता.
मी तीस आकडे मोजले, सवयीनं.
मग ते म्हणाले, "बरं, त्या पिंपरीच्या पोराला विचारतो.
परीक्षा पास होऊन वर्ष झालं त्याला,
कुणी बोलावलंच नाही."
एवढं सोपं होतं?
थोडं वाईटही वाटलं.

रविवारी जाग आली ती पाचलाच.
शिट्टी कोमट पाण्यात धुतली, आतला वाटाणा वाजवून पाहिला,
खिळ्याला टांगली.
कचेरीची पिशवी, वही, सगळं फळीवर.
दुपारी चुलीपाशी बसून
भरताचं वांगं देठाला धरून फिरवत होते,
तेवढ्यात गल्लीत पोरांचा कल्ला उठला,
बाद! नही बाद! बाद!
ह्यांनी पेपर खाली केला, माझ्याकडे पाहिलं.
मी वांगं फिरवत राहिले.
एक रडलं बहुतेक. कुणी चप्पल फेकली.
मग पुन्हा ते कबड्डी कबड्डी,
दूर, बारीक,
कुणाच्या तरी खऱ्या छातीतून.

कोण बाद होतं, कळलं नाही.
वांग्याची साल तडकली.