राखाडी हळद

बारा फोटो द्या, म्हणाले वाचनालयाचे मगदूम सर,
भिंत लांब आहे, पण चौकटी बाराच आल्यात.
आणि एक काय ते ठरवा,
सगळे रंगीत, नाहीतर सगळे कृष्णधवल.
खिचडी नको.

तेव्हापासून रात्री दुकानाचं शटर अर्धं ओढून
मी सांगलीचा रंग काढतेय
आणि परत घालतेय.
काढणे. आमच्या धंद्यात एवढं एकच क्रियापद,
फोटोलाही तेच आणि डागालाही तेच.
वडिलांकडे निवडीचा प्रश्नच नव्हता.
अंधारी खोली, हायपोचा वास,
आणि आईचं रोजचं, ताटावर तरी हात धुऊन बसा.

रंग गेला की हरभट रोड एकदम शहाणा होतो.
वाढदिवसाच्या फ्लेक्सवरचे दादा, भाऊ, साहेब
भगवे निळे हिरवे, सगळे एका राखेत बसतात
आणि त्यांच्या मागनं पहिल्यांदाच दिसते
लाकडी गॅलरी, तिच्यात वाळणारा लेंगा.
भडंगाच्या दुकानातला पोरगा
पुड्या बांधता बांधता
कुठल्यातरी चळवळीतला वाटायला लागतो.
इथंच मला माझा संशय येतो.

आयर्विन पुलाला मात्र रंग नकोच.
नदीवर धुकं, खाली कमानी,
सांगलवाडीकडनं सायकलवर दोन किटल्या.
ती पहाट मुळातच काळीपांढरी होती,
मी काही केलेलं नाही.

गावभागातल्या भिंतीवर पुराची रेघ.
तिच्याखाली गाळ, तिच्यावर निळा डिस्टेंपर.
दोन्हीत करून पाहिलं, दोन्हीत बरं.
घरमालक म्हणाले,
आता आम्ही नवा रंग दिलाय,
तुम्ही कशातही काढा.

आणि मग यार्डातल्या वखारीत, सुगलाबाई.
पत्र्याच्या भोकातून आलेला उजेड,
निवडायला घेतलेली हळकुंडं, मधोमध ती.
रंग काढला तर धुरळ्याचा धूर झाला,
चेहऱ्यावरची एकेक सुरकुती बोलायला लागली.
कुठल्याही स्पर्धेत बक्षीस मिळवील असा फोटो.
कौतुकानं तिला मोबाइलवर दाखवला.

तिनं तो लांब धरला, जवळ धरला.
"हे काय, सिमेट हाय का राख?"
हळदच आहे, मावशी.
"मग पिवळी कुठाय?"

मी सांगत बसले, छटा, उजेड, पोत.
ती हात बघत होती स्वतःचे.
"मालक जाऊन एकोणीस वर्सं झाली.
कुणाच्या हळदीला बोलवत न्हाईत मला.
हितं मातूर रोज कोपरापत्तूर.
साबणानं बी जात न्हाई."
मोबाइल परत दिला, पडद्यावर अंगठ्याचा पिवळा ठसा.
"तू तरी काढू नगंस."

मगदूम सरांना कळवलं, रंगीत.
बरं, म्हणाले, पण कृष्णधवल जरा भारदस्त दिसतं नाही?
दिसतं, म्हटलं.

मग दादा, भाऊ, साहेब हात जोडून परत आले,
गॅलरी पुन्हा त्यांच्यामागे गेली, लेंग्यासकट.
भडंगवाला पोरगा नुसता भडंगवाला.
सुगलाबाईचा धूर उतरला, धुरळा झाला,
फोटो जरा साधाच वाटायला लागला, खरं सांगायचं तर.
आणि पुलावरच्या दूधवाल्याचा स्वेटर
पोपटी निघाला,
कोपरावर लाल दोऱ्यानं रफू केलेला.
तीन वर्षं तो फोटो माझ्या टेबलावर होता.

रात्री साडेअकरापर्यंत दहा प्रिंट निघाल्या.
अकरावी वखारीची. अर्ध्यावर थांबली.
पत्रा आला, उजेड आला, तिचं कपाळ आलं,
हात यायचे होते.
प्रिंटरवर दिवा लुकलुकतोय,
पिवळी शाई संपली.

मिरजेत मिळेल, सकाळी दहानंतर.
अर्धा कागद तसाच मशीनमध्ये ठेवून
मी शटर ओढलं.