महिरपी कंस

कुइवास्तूच्या धक्क्यावर एकतीस वर्षं तिकिटं फाडली मी.
माझ्या बोटाखालच्या बटणानं
फेरीबोटीचा रॅम्प खाली यायचा, वर जायचा.
आता साठी उलटल्यावर
एक दार उघडत नाही माझ्यानं.

दार साधंच. एक फळी, कडी नाही.
पडद्यातल्या बेटावर भाड्यानं घेतलेल्या
गोधडीएवढ्या तुकड्यात उभं.
त्याला फक्त सांगायचं :
कुणी हात लावला की बाजूला हो.
माणसाला सांगितलं असतं तर
कुरकुरत का होईना, झालं असतं.

पहिल्या रात्री ते बोललं.
स्पर्श केला, तर फळीवर अक्षरं तरंगली :
‘नमस्कार, हेल्वे.’
मीच लिहिलेलं मलाच म्हणालं, तरी
स्वयंपाकघरात जाऊन
उगाच एक जास्तीचा कप विसळून आले.

दुसऱ्या रात्री काहीच नाही.
चूक : ओळ बारा, रकाना सात.
बाराव्या ओळीत डोकं घालून बसले.
बाहेर सामुद्रधुनी गोठत होती,
वरच्या मजल्यावर कुणी पलंग सरकवावा
तसा तिचा आवाज.
पहाटे कळलं, अकराव्या ओळीच्या शेवटी
अर्धविराम राहिला होता.
चूक दिसते त्याच्या एक ओळ आधी असते,
हे एकतीस वर्षांत मला कुणी सांगितलं नव्हतं.

मग भेटला तो, कोल्ह्याचं तोंड लावून हिंडणारा.
नाव सांगत नाही. कुठल्याशा बेकरीत रात्रपाळी करतो,
पीठ फुगेपर्यंत मला शिकवतो.
म्हणाला, कंस मोज.
जितके उघडलेस तितके मिटलेस का?
पडद्यावर बोट ठेवून मोजले मी
महिरपीसारखे वळणदार, एकाच्या पोटात एक,
आणि सर्वांत बाहेरची कमान
उघडीच टाकलेली.

फेब्रुवारीत समुद्रावरून गाड्या धावू लागल्या.
बर्फाच्या रस्त्याच्या तोंडाशी फलक :
पट्टा लावू नका. मधे थांबू नका.
त्याच आठवड्यात मी असं काही लिहिलं
की दार थांबेचना. उघड, मीट, उघड, मीट,
शेजारच्या तुकड्यावरची बाई येऊन
हात जोडून गेली.

मार्चमध्ये ते फिरलं.
फिरलं, पण कसं! मधोमध खिळा ठोकल्यासारखं,
अर्धं माझ्या अंगावर, अर्धं भिंतीत घुसलेलं.
कोल्हा म्हणाला, इथली प्रत्येक वस्तू
आपल्याच पोटाभोवती फिरते.
बिजागरी हा प्रकार नाही.
दाराची रुंदी दुप्पट कर, मग अर्धं कापून टाक.
कापलेलं दिसणार नाही,
पण यंत्राच्या हिशेबात ते असतं.
मध्य तिथेच राहतो,
उरलेलं त्याच्या कडेनं नीट फिरतं.

मी विचारलं, कापलेलं खरंच असतं?
हिशेबात, तो म्हणाला,
आणि पाव काढायला गेला.

काल्योचं त्याला सांगायचं कारण नव्हतं.
मी अजून पलंगाच्या डाव्या अंगालाच झोपते,
हेही नाही.
रुंदी दुप्पट केली. कापली.
दार फिरलं, लोण्यातून सुरी फिरावी तसं.

राहिलं आपोआप मिटणं.
किती सेकंदांनी? पाच पुरेत, कोल्हा म्हणतो,
सगळे पाचच ठेवतात.
पण शेवटची गाडी शेवटची नसते, हे मला ठाऊक आहे.
शिट्टी झाल्यावर वळणावर दिवे दिसतात,
कुणी हॉर्न दाबून धरलेला,
मागच्या सीटवर विव्हळणारं कुत्रं, नाहीतर बाळंतीण,
आणि आपलं बोट बटणावर.

मी चाळीस लिहिलं.
अर्धविराम दिला.

एवढा वेळ उघडं? वारा येईल की आत.
इथे कुठला वारा, मी म्हटलं.
लिहिता येतो, कोल्हा म्हणाला,
तोही शिकवीन.
आधी हे जतन कर.