नमुना

परळला, इस्पितळाच्या तळघरात
मी नमुने घेतो.
डबीवर नाव, वय, वॉर्ड.
आत काय असतं ते पंगतीत सांगायचं नसतं;
कुणी विचारलंच तर "लॅबमध्ये आहे" म्हणतो
आणि वरण वाढून घेतो.

बावीस वर्षं काचेवर बघतोय
लोकांची पोटं.
काड्या, मणी,
कुणी घाईत सांडलेले स्वल्पविराम.
धडधाकट पोटात बाजार भरलेला असतो,
पाय ठेवायला जागा नाही.
आणि क्वचित एखादी काच येते
रविवारच्या फोर्टासारखी:
इमारती जागेवर,
माणूस नाही.

गेल्या भाद्रपदात अशी एक आली.
डबीवर नाव माझं होतं.

आधी दाढेला पू, मग छाती, मग पुन्हा दाढ.
गोळ्यांचे तीन कोर्स शहाण्यासारखे पुरे केले.
गोळी पंचनामा करत नाही,
घरफोड्या आणि शेजारचा मास्तर
एकाच गाडीत घालून नेते.
त्यानंतर चहासुद्धा ठरेना.
इतकी वर्षं सगळ्यांचं सगळं पोटात घातलं
आणि आता साधी पेज राहत नव्हती.

डॉक्टर गझदर म्हणाले, ताक घ्या.
दूध-ताक मला जन्मापासून सोसत नाही.
मग म्हटलं, आंबवलेलंच हवं ना, इडली खाऊ.
अँटॉप हिलच्या नाक्यावर शेंबगम अक्का
पहाटे पाचपासून पीठ विकते,
किलोकिलोच्या पिशव्या, गाठीपर्यंत फुगलेल्या.
त्यातली एक मी लॅबमध्ये नेली. सवय.
पिठाचा थेंब एका बशीत पेरला,
त्याच पिठाच्या इडलीचा चुरा दुसरीत.
दोन दिवसांत पहिली ठिपक्यांनी गजबजली.
दुसरी कोरी.
वाफेने कुणाला सोडलं नव्हतं.
इडली पचायला हलकी, ते खरंच;
पण ती कामगारांनी बांधून दिलेली खोली,
कामगार केव्हाच गेलेले.

अक्काला सांगितलं तर हसली.
"मग आंबवून शिजवलेलं कशाला?
शिजवून आंबवलेलं खा ना."
आणि बाकड्याखालचं मडकं ओढलं:
रात्रीचा भात, पाण्यात बुडालेला,
तिच्या भाषेत नुसता 'जुना भात'.
आधी नाक लावलं, मग मीठ टाकलं,
छोटा कांदा मुठीने फोडला.
मे महिन्यात तिने दोन मडकी गटारात ओतलीत.
आंबणं कुठे थांबतं, नासणं कुठे सुरू होतं,
माझ्याकडे त्याला आकडे आहेत,
तिच्याकडे नाक.

आमची आई म्हणायची, अंग आंबलंय,
म्हणजे आता उठवत नाही.
पीठ आंबतं तेव्हा मात्र
ते नुकतं कुठे उठलेलं असतं.

महिनाभर खाल्ला.
पोट हळूहळू माझं ऐकू लागलं.
काचेवर परत गर्दी, तुरळक, सोमवार सकाळची.
भाताने झालं की दिवस गेल्याने?
एका माणसाचा नमुना हा पुरावा नव्हे,
हे नव्या पोरांना मीच शिकवतो.
शिवाय भातातले ते जीव बहुतेक मुक्कामाला येत नाहीत,
आले तसे निघून जातात.
पण जाताना जिन्यात दिवा लावून जात असतील,
कुणी सांगावं.

अक्का पीठ हातानेच फेटते, पळी वापरत नाही.
विचारलं तर म्हणाली, पळीला काय येतंय.
तेव्हा एक मोठी बशी नेली मी तिच्याकडे.
"हात ठेव." तिने ठेवला,
कोपरापर्यंत पीठ वाळलेला.
दोन दिवसांनी बशीत तिचा तळवा उगवला,
पाचही बोटं, पांढऱ्या ठिपक्यांची,
अंगठ्याजवळ भाजल्याचा डाग होता तिथे रिकामी जागा.

घेऊन गेलो दाखवायला.
झाकणातून बराच वेळ बघत राहिली,
स्वतःचा हात शेजारी धरून.
मग पदराला पुसला
आणि म्हणाली,
"मागे लोक उभे आहेत. एक किलो की दोन?"