दहाचा पाना

सातवी खोली. जालना, मोंढ्याच्या मागं.
भिंतीला खिळा चालणार नाही,
घरमालकानं किल्लीआधीच सांगितलं.

मग मोसंबीची सहा खोकी आणली.
इस्माईल मिस्त्रीनं कडांना भोकं पाडली, बोल्ट दिले:
"उभी लाव, फडताळ.
आडवी लाव, बैठक.
आन् जायाचं झालं की खोकी ती खोकीच.
सामान काढूच नको,
पाना फिरव आन् नीघ."

पाच भरली.
पुस्तकं, कुकर,
बीडच्या पार्टनरचा चुकून आलेला तवा.

सहावं खिडकीच्या उंचीला, रिकामं.
काय ठेवावं, ठरत नाही.
पंखा लावला की त्यातून
अजून मोसंबीचा वास येतो.

पाना उशीखाली असायचा.
परवापासून सापडत नाहीये,
आणि मी
शोधलाही नाही.