रुमालाखाली

मिरजेच्या दवाखान्यात, तिसऱ्या मजल्यावर
शुद्धीवर आलो तेव्हा उजव्या मुठीत एक बटण होतं.
पेराएवढं. त्याची वायर चादरीखालून
एका पेटीत गेलेली, पेटीला कुलूप.

"दुखलं की दाबा," सिस्टर एस्तेर म्हणाली,
"दाबायचं तुम्हीच. घरच्यांनी नाही, मीसुद्धा नाही.
आणि कितीही दाबलं तरी दहा मिनिटांत एकदाच मिळेल."

म्हणजे सौदा.
सौदा मला कळतो.

बेचाळीस वर्षं सांगलीच्या यार्डात हळदीची दलाली केली.
आता बोली उघड्यावर लागते,
पण माझी उमेद गेली रुमालाखाली:
घेणाऱ्याचा हात, माझा हात, वर कापड,
बोटं दाबून भाव. तोंडानं मात्र
पाऊसपाणी, पोरीचं लग्न, चहा घेणार का.
चेहऱ्यावर सुरकुती हलली की पोत्यामागं शंभर गेले.

"शून्य ते दहा, किती दुखतंय काका?"
आत आठ होतं. साडेआठ.
पहिलाच भाव खरा सांगतो तो दलाल कसला.
"चार," म्हणालो.
तिनं चार लिहिलं, घासाघीस न करता.
मला वाईटच वाटलं जरा.

रात्री पोट
शिवलेल्या पोत्यासारखं, दाभण अजून आतच राहिलेलं.
खोकला आला की उशी पोटाशी घट्ट धरायची, असं शिकवलेलं.
उशी धरली. बटण दाबलं. टिंग.
जरा वेळानं दुखणं मागं सरकलं, गेलं नाही;
भाव न पटलेल्या व्यापाऱ्यासारखं
दारातच चप्पल घालत उभं राहिलं.
पुन्हा दाबलं. पेटी गप्प.
पुन्हा. गप्प.
असलं गिऱ्हाईक जन्मात बघितलं नव्हतं.

श्रेणिक खुर्चीत जागा. त्याला वाटलं मी झोपलो,
उठून कण्हायच्या आत आण्णांना एक जास्तीचं द्यावं,
म्हणून हात पुढं केला त्यानं.
"नको," सिस्टर दारातूनच म्हणाली.
"झोपलेला माणूस मागत नाही.
न मागता देत गेलं तर श्वास घ्यायचं विसरतो."

हरिपूरची पेवं आठवली.
आत उतरायच्या आधी दोरीनं कंदील सोडायचे.
विझला, तर माणूस उतरायचा नाही.
माझ्या डाव्या बोटाला चिमटा होता, आत लाल उजेड.
दर तासाला ती यायची,
माझ्या तळाशी कंदील जळतोय का बघून जायची.

सकाळी डॉक्टर मगदूम आले. पेटीची कळ दाबली,
आणि वाचलं मोठ्यानं, सगळ्यांसमोर:
"एकतीस वेळा मागितलं. अकरा वेळा मिळालं.
मग इथं चार कुणी लिहिलंय?"

रुमाल उचलला कुणीतरी,
भर यार्डात, बोटं तशीच अडकलेली असताना.

सुलोचना थर्मासचं झाकण फिरवत होती. फिरवतच राहिली.
सत्तेचाळीस वर्षं ती विचारत आली, काय होतंय,
आणि मी म्हणत आलो, काय नाय.
कंबर धरली तेव्हा. धाकटा भाऊ गेला तेव्हा.
पुराचं पाणी पेवांत शिरलं, माल कुजला, तेव्हापण.
आकडा तिला कधी लागू दिला नाही.

"आता किती?"
"सात," म्हणालो.
एवढासा शब्द, आणि घसा सुकला.
डॉक्टरांनी पेटीत काय वाढवलं, काय कमी केलं, बघितलं नाही,

कारण चादरीखाली तिचा हात आला होता.
बटणाच्या मुठीकडं नाही, दुसऱ्या,
सुई टोचलेल्या हाताकडं.
तिनं माझी तीन बोटं धरली, दाबली,
आणि सोडली नाहीत.

यार्डात तीन म्हणजे तीन, तीस, तीनशे, तीन हजार;
मागचा भाव माहीत असेल तरच कळतं.
ही बोली तिला मी शिकवली नव्हती.
तिचा मागचा भाव मला माहीत नव्हता.
विचारावं म्हणून तोंड उघडलं
तर खोकलाच आला.
उशी तिनं धरली.