वाघीण ४३७४३७

भुसावळ यार्डात सुपडूमामा नेहेते नंबर टिपायचे.
काखेत वही, कानावर पेन्सिल, खिशात खडू,
मे महिन्याची खडी अशी तापलेली
की चपलेचा तळ मागेच राहायचा.
मी नवा. छागळ घेऊन त्यांच्या मागे मागे.
"भो, नंबर नुस्ता लिहाचा नस्तो," ते म्हणत,
"त्याले इचाराचं, तू कोनाकोनाचा?"

४३७४३६ लगेच बोलली:
आकड्यांची बेरीज सत्तावीस, नवाने तुटते, चारानेही,
छत्तिसाच्या घरी हिची रोजची ऊठबस.
पुढची मात्र गप्प.

४३७४३७.
विषम. शेवटी सात, म्हणून पाच आल्या पावली परत.
बेरीज अठ्ठावीस, म्हणजे तिनालाही दार बंद.
(अठ्ठावीस स्वतः पूर्ण संख्या,
एक दोन चार सात चौदा, आपल्याच भाजकांनी भरलेली.
पण ते अंगावरचं लेणं. आतलं काय?)

मामांनी खडूने मधोमध रेघ मारली:
४३७ । ४३७
एकाच माणसाला दोनदा हाक मारल्यासारखी.
"दोनदा आलं म्हंजे हजार एकनं गुनलं,
आन् हजार एक म्हंजे सात, अकरा, तेरा. कयलं का?"
उरलेल्या चारशे सदतिसाला
इंजिन लागेपर्यंत धरून बसले. ओठ हलत होते.
तेवीस एकोणीसे.

मग उतारावर कपलिंग सोडल्यावर
डबे आपापल्या रुळाला जातात तशी ती सुटली:
सात, अकरा, तेरा, एकोणीस, तेवीस.
पाच अविभाज्य, कुणी दोनदा नाही.
भाजक बत्तीस. तिला स्वतःला वगळून त्यांची बेरीज
दोन लाख सात हजार सहाशे त्र्याऐंशी.
निम्मीसुद्धा भरत नाही.
"न्यून," मामा म्हणाले,
जेवण अर्धं सोडून उठलेल्या माणसाबद्दल बोलावं तसे.

आणि थबकले. बोटांवर परत मोजलं.
"तेरा... एकोनीस. मधातला सतरा कुठी गेला भो?"

दारावर ठळक लिहिलं: × १७
गाडी खंडव्याकडे निघून गेली.

आठवड्याने मेमो आला.
तिकडच्या कुण्या बाबूने गुणाकार करून पाहिला होता!
"क्र. ७४३६४२९ ही वाघीण नोंदीत आढळत नाही. खुलासा करावा."
मामांनी सुवाच्य अक्षरात खुलासा केला:
"सदर वाघिणीत एक अविभाज्य कमी असल्याचे निदर्शनास आले."
साहेबांनी समज दिली. लेखी.

दिवाळीनंतर ती रिकामी परतली, सरकीच्या गाठी न्यायला.
सतरा पुसट झालेला, पावसाने एक पाय नेलेला.
त्याखाली लाल पेन्सिलने, अनोळखी हाताने,
2, 3, 5
आणि एक प्रश्नचिन्ह.

मामा खडीवर उकिडवे बसले.
"खरंच की," बऱ्याच वेळाने म्हणाले,
"मी सातापासूनच हजेरी घेत व्हतो."
खिशातला खडू चाचपला,
लिहिलं काहीच नाही.

आम्ही पुढच्या वाघिणीकडे गेलो.
तिचा शेवटचा आकडा गंजाने खाल्लेला.
तीन असेल, आठही असेल.
मामांनी नखाने जरा खरवडून पाहिलं,
मग वहीत पाच आकडे लिहून
सहाव्याची जागा कोरी सोडली.