अंगठा

फहाहीलच्या दुकानात, जुम्म्याच्या संध्याकाळी
दोन फोन काचेवर शेजारी शेजारी,
दाखवायला आणलेल्या स्थळांसारखे.
शिजू सांगतोय: याची बॅटरी दीड दिवस,
त्याचा कॅमेरा चंद्रावरचे खड्डे दाखवतो.
म्हटलं, खड्ड्यांसाठी चंद्र कशाला,
आमचा गुहागरचा रस्ता आहे की.
तो हसला नाही. त्याला मराठी येत नाही.

एक पावणेचारशे दिनार,
दुसरा तीनशे नव्वद, वर कव्हर फुकट.
मनातल्या मनात गुणाकार सुरू केला
आणि अर्ध्यावर सोडून दिला.

‘अंगठा तर ठेवून बघा,’ शिजू म्हणाला.
ठेवला. फोन थरथरला: पुन्हा ठेवा.
पुसून ठेवला. फुंकर मारून ठेवला.
डावा ठेवला.
अकरा वर्षं ग्राइंडर धरून
रेषा कधी गेल्या, कळलंच नाही.

आमचे वडील अंगठाबहाद्दर.
सोसायटीच्या कागदावर निळा ठसा उमटला
की कारकून मान डोलवायचा: हां, हे दगडू मांडवकर.
मी आयटीआय, फिटर, फर्स्ट क्लास,
सही अशी की बँकेतला मिसरीसुद्धा बघत राहतो,
आणि हा चारशे दिनारचा गडी
मला ओळख दाखवत नाही.

खिशातला जुना काढला.
कोपऱ्यात तडा, चार्जर तिरका धरावा लागतो,
दुपारी तीनलाच मान टाकतो.
चार आकडे दाबले. उघडला.
काही विचारलं नाही त्याने.

‘पुढच्या महिन्यात बघू.’
शिजूने दोन्ही फोन पुसून ठेवले,
माझ्या अंगठ्याचे डाग मात्र नीट निघाले.

बाहेर दमट वारा, रिफायनरीचा वास,
वर चंद्र. साधाच.
खड्डे दिसत नव्हते.